विलायती कुत्र्याची हजामत

बाबा तुमसरला एका राईस मिलमध्ये मुनीम होते. मिलच्या मालकांच्या नव्या सुनेला कुत्र्यांची भीती वाटे, म्हणून त्यांनी आपला पामेरियन बाबांच्या हवाली केला. पांढराशुभ्र, कोल्ह्यासारखं टोकदार तोंड, पाठीवर वळलेली झुपकेदार शेपटी. गल्लीतल्या लोकांना आधी तो मेंढीचं पिल्लूच वाटला.

बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याचं खानदान ऐकवत. "हा मूळचा थंड देशातला. याचे पूर्वज बर्फात गाड्या ओढत."

शेजारचे काका धानाची बैलगाडी हाकत. त्यांनी कुत्र्याला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "मुनीमजी, हा तं सुपातला कोंडा बी नाई ओढनार."

उन्हाळा लागला तसा कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकू लागला. आम्ही कित्येक वर्षं मागत होतो ती वाळ्याची ताटी बाबांनी लगेच खिडकीला लावली. ताटीसमोर कुत्रा बसे, त्याच्यामागे आम्ही भावंडं. आई चुलीपुढून म्हणे, "मी बी थंड देशातून आली असती तं बरं झालं असतं."

तरी दया आली ती तिलाच. एका दुपारी बाबा मिलमध्ये असताना तिने शिवणाची कात्री काढली. मी कुत्र्याला धरून बसले. केसांचा ढीग पडला आणि आतून गुलाबी कातडीचं, बोक्याहून बारीक असं एक केविलवाणं जनावर निघालं. शेपटी तेवढी आईने शोभेसाठी ठेवली.

संध्याकाळी बाबा दारातच थांबले. "हे कोनाचं घुसलं घरात? हाकल त्याले."

कुत्र्याने शेपटी हलवली. त्या झुपक्यावरून बाबांनी त्याला ओळखलं.

"काहून केलं असं?"

"गरमी होऊन राहिली होती त्याले."

"अवं, त्या केसांनीच त्याले ऊन लागत नाई. गुरांच्या डॉक्टरनं सांगतलं होतं मले."

"तुमाले सांगतलं. मले कोनी सांगतलं?"

दुसऱ्या दिवशी आईने जुन्या लुगड्याचं झबलं शिवून कुत्र्याला घातलं. फुलाफुलांचं होतं. बाबा त्याला अंधार पडल्यावरच फिरायला नेऊ लागले.

हिवाळ्यापर्यंत केस परत आले, पण पाठीवर कुठे दाट, कुठे विरळ. कोणी विचारलंच तर बाबा गंभीरपणे सांगत, "या जातीत असंच असते." पुढे बरीच वर्षं तो आमच्याकडे सुखाने राहिला.