बिशपांच्या टोपीचे गोंडे

पुणं सोडलं तेव्हा शेजारच्या सीटवर माणूस नव्हता, चादरीत गुंडाळलेली लाकडी ढाल होती. रत्नागिरीच्या छोट्या चर्चमध्ये नवे बिशप रविवारी पहिल्यांदा येणार होते, त्यांचं बोधचिन्ह दारावर लावायचं होतं. अशा ढाली मी कोरतो. रंग बायको द्यायची. ती गेल्या पावसाळ्यात गेली. हे एकट्याने केलेलं पहिलं काम. जमलं नाही तर दुकान बंद करायचं, असं मी ठरवून टाकलं होतं.

कोकण रेल्वे सुरू होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती, तरी पुणेकराच्या नशिबी एसटीच. पोफळीचा घाट उतरताना मी ढालीला मिठी मारून बसलो. कंडक्टर म्हणाला, हिचंही तिकीट काढा. हसलो, पण बरं नाही वाटलं.

चर्चची देखभाल करणाऱ्या फिलिपकाकांनी आधी घावणे (तांदळाच्या पिठाचे मऊ, पातळ डोसे) खायला घातले. मग चादर काढली. ढालीवर होडी, वर रुंद काठाची हिरवी टोपी, दोन्ही बाजूंना दोरीवरून लोंबणारे गोंडे. ही टोपी मुळात प्रवाशाची, पण बोधचिन्हात तिच्याखाली डोकं नसतं. काकांनी बोट ठेवून गोंडे मोजले.

"मिस्त्री, एका बाजूला दहा झालेत. बिशपांना सहा. दहा म्हणजे आर्चबिशप."

मीही मोजले. एक, दोन, तीन अशा ओळींखाली जागा उरली, म्हणून मी चौथी ओळही रंगवून टाकली होती. नमुना समोर असताना! रंगवताना बायको मोठ्याने मोजायची आणि मी वैतागायचो.

काकांनी मला मांडवी बंदरावर धाडलं, होड्या रंगवणाऱ्या हसनभाईंकडे. त्यांनी मागचा पिवळा रंग असा जुळवला की बुजवलेले गोंडे मलाच सापडेनात. मग त्यांनी बायकोला हाक मारली. होडीवर नाव ते काढतात, पण त्यांना वाचता येत नाही. ती वाचून सांगते. तिने दोनदा मोजलं. सहा आणि सहा. तुमची मंडळी सोबत नाही का, असंही विचारलं.

"आता मोजायला कुणी नाही हो," मी म्हणालो.

हसनभाई ब्रश पुसत होते. "मग शेजाऱ्याला हाक मारायची. एकट्याला आपली चूक दिसत नाय."

रविवारी बिशपांनी होडीचं कौतुक केलं. गोंड्यांकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

परतताना ठरवलं, दुकान चालू ठेवायचं. समोरच्या शिंप्याला मोजायला बोलवीन. मग घराचं कुलूप काढलं, चपला सोडल्या आणि सवयीने बोलून गेलो, "सहाच हवे होते गं."

"मी सांगत नव्हते?" असं कुणी म्हणालं नाही.