नापास बेट

मास्तर मला पहिल्यांदा दिसले, ते दिसलेच नाहीत. टेबलावर फायलींचा असा डोंगर, की चढायला दोर आणि दोन दिवसांची शिदोरी लागली असती. त्यामागून लाल पेन्सिल धरलेला हात वर आला आणि आवाज आला, "बसा. एका देशाला नापास करतोय, तेवढं झालं की बोलू."

आमची कंपनी बांधकामाची. परदेशात कुठे कामं घ्यावीत, हे सांगणारा विभाग म्हणजे एकटे मास्तर. कामं किती निघतात, परवाने कधी मिळतात, सिमेंट तिथेच मिळतं का, कोर्टात भांडण किती वर्षं चालतं, हे सगळं पाहून ते प्रत्येक देशाला शंभरपैकी गुण द्यायचे. पन्नासच्या खाली नापास. अकरा वर्षांत बावीस देश तपासले, पण स्वतः कधी विमानात बसले नाहीत. बसायची इच्छाही नव्हती.

साहेबांची पद्धत याहून सोपी होती. रस्त्यापलीकडे दुसऱ्या बांधकाम कंपनीचं ऑफिस होतं. ते 'समोरचे' कुठे निघालेत, एवढंच साहेब बघायचे.

"मास्तर, त्या बेटाला किती?"

"एकतीस."

"वाढवा."

"साहेब, तिथे सिमेंट बोटीने येतं आणि बंदर वर्षातले पाच महिने बंद. एकतीससुद्धा मी मन मोठं करून दिलेत!"

"अहो, समोरचे चाललेत तिकडे. ते काय खुळे आहेत?"

मास्तरांनी कपाळाला हात लावला. बेट पास झालं, तर तिथे ऑफिस थाटायला त्यांनीच जायचं, असं ठरलेलं. घरी वहिनींनी आधीच बजावलं होतं, "तुम्हाला जायचं तर जा. मी काही त्या सिमेंटसारखी बोटीतून येणार नाही."

दुपारी चहाच्या टपरीवर आम्हाला समोरच्यांचा गुण देणारा भेटला. बिचाऱ्याचे डोळे मास्तरांसारखेच खोल गेलेले.

"तुम्ही त्या बेटावर का हो चाललात?" मास्तरांनी विचारलं.

"आम्ही? छे! तुम्ही चाललात म्हणून आमचे साहेब माझ्या मानगुटीवर बसलेत. मी अठ्ठावीस दिलेत."

मास्तर चहा तसाच टाकून जिने चढले. धापा टाकत साहेबांना सगळं सांगितलं. मला वाटलं, सुटले बिचारे.

साहेब टुणकन उठले. "बघितलंत? आपल्याला अडवायला त्याला टपरीवर सोडलाय! उद्याच टेंडर भरा."

"आणि एकतीस गुणांचं काय?"

"ते तुमचे. मी कुठे खोडतोय?"

साहेबांनी तक्त्याखाली स्वतःच्या हाताने नवा रकाना आखला: 'जिद्द'. त्यात वीसपैकी वीस दिले. बेट एक्कावन्न गुणांनी पास झालं.

समोरचे गेलेच नाहीत. मास्तर बेटावर गेले, त्याला आता तिसरं वर्ष चालू आहे. पाया अजून भरलेला नाही.