जोग्याने सोडलेलं नाव

माझ्या वडिलांच्या, आबांच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा मी एका कल्पित जगाची कादंबरी लिहीत होतो. दिवसभर हिंगोलीत शिकवायचं, जीपने साखऱ्याला परतायचं आणि आबांच्या खाटेशी बसून नवं पान वाचून दाखवायचं, असं चाललं होतं. घरातला पहिला पदवीधर मी. मी लहान असताना गोरेगावच्या शाळेत जायला जीप मिळेपर्यंत आबा माझ्यासोबत उन्हात उभे राहत. आता त्यांच्यासाठी मला एवढंच करता येत होतं.

माझ्या त्या जगात आरंभी कल्लोळ होता. डोंगर वितळत, नद्या उलट्या चढत, प्रत्येक वस्तू दुसरीवर ओरडत असे. कल्लोळाच्या पलीकडे शून्याचं मैदान. ते ओलांडू पाहणाऱ्या जोग्याला आधी सावली सोडावी लागे, मग आवाज, शेवटी नाव. त्यानंतर तो आणि मैदान वेगळे राहत नसत.

कल्लोळासाठी मला लांब जावं लागलं नाही. आबांना भेटायला रोज माणसं येत. बिस्किटांचा पुडा उशाशी ठेवत, औंढ्याच्या नागनाथाचा अंगारा लावत, कुणाला कशाने गुण आला ते सांगत. आणि प्रत्येकजण आबांच्या तोंडावर वाकून विचारी, "वळखलं का?" नाव ऐकल्याशिवाय कुणी उठत नसे. जड झालेल्या जिभेने नाव घेताना आबांना घाम फुटे. माणसं मायेनेच येत. त्यांना नको कसं म्हणणार?

शेवटचं प्रकरण लिहून झालं होतं, पण वाचायला मी धजत नव्हतो. जोगी शून्यात मिसळतो आणि काहीच उरत नाही, हे आजारी बापाला कसं ऐकवायचं? मी ते बदललं. मैदानापलीकडे दिवे लावले. जोग्याचे आईबाप, आजेपणजे वेशीत आणून उभे केले. ते पुढे येऊन त्याला विचारतात, ओळखलंस का?

वाचताना मी तिथं आलो, तसा आबांनी आपला धड हात वर केला.

"तिथंबी?"

मी थांबलो.

"मेल्यावरबी नावंच सांगत बसायची का? दमलो रे आता. काईच न्हाई असं कायतरी असू दे."

पहिलं तसंच होतं, तुम्हाला भीती वाटेल म्हणून बदललं, असं मी सांगितलं. ते तोंडाच्या एका बाजूने हसले. भीती तुलाच वाटून राहिली, म्हणाले, वाच.

जुने कागद पिशवीतच होते. सावली गेली, आवाज गेला. नाव गेलं तिथं आबांनी डोळे मिटले. कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या.

तेवढ्यात अंगणात चपला वाजल्या. तांड्यावरचे एक काका पुडा घेऊन आले होते. मी दारातच उभा राहिलो. आबा आराम करताहेत, तुम्ही आलात हे मी सांगेन, असं म्हणून त्यांना ओट्यावर बसवलं. त्यांना वाईट वाटलं, ते दिसत होतं. त्यांचा चहा होईपर्यंत मी दार सोडलं नाही.

मग आत जाऊन राहिलेलं अर्धं पान हळू आवाजात वाचलं. त्यात नुसतं मैदान होतं.