कोरा माणूस

माझ्या साडूइतका दुसऱ्याच्या डोकेदुखीवर जीव लावणारा माणूस सोलापुरात नाही, आणि थेट विजापूरपर्यंत शोधलात तरी सापडायचा नाही. कुणाचं डोकं दुखतंय म्हटलं की लोक चहा टाकतात. हा रिकामी बाटली पुढं करतो. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवता शिकवता पन्नाशीला यानं पीएचडीला हात घातला. विषय, डोकेदुखीच्या गोळीतलं पॅरासिटामॉल लघवीत किती उतरतं ते विजेनं कसं मोजायचं. पेन्सिलीतलं शिसं नमुन्यात बुडवायचं, वीज सोडायची. औषध असलं की स्क्रीनवरच्या रेघेला उंचवटा येतो, जितकं औषध तितका उंच. त्यापायी जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीत एकाही पोराच्या दप्तरात धड पेन्सिल उरली नाही. एका लग्नात वधूपित्यानं गोळी घेतल्याचं कळताच हा हातातल्या अक्षता तशाच धरून त्याच्या मागं सँपल मागत फिरला.

त्याचा हुकमी पुरवठादार मी. जरा कुठं खुट्ट झालं की गोळी, ही माझी ख्याती. शेवटी म्हणाला, "साडूभाऊ, तुमची भरलेली सँपलं लई झाली. आता तुमचंच कोरं, बिनऔषधाचं पाहिजे. काही दिवस गोळीला शिवू नका."

"वरचा मजला तर आधीपासूनच कोरा हाय की," आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली.

मी डोक्याला रुमाल आवळून दिवस काढले आणि हुतात्म्याच्या थाटात बाटली भरून दिली. संध्याकाळी साडू आला तो चेहरा पाडूनच.

"कोऱ्यात उंचवटा आला. शिसं बदललं, तरी आला. म्हणजे औषध नसतानाही यंत्र ते दाखवतंय. आजवरचं सगळं काम पाण्यात. गाइडला काय तोंड दाखवू?"

"शपथेवर सांगतो, डोकेदुखीची गोळी घेतली नाही," मी म्हणालो. "सकाळी नुसती सर्दीची घेतली."

त्यानं विचारलं, "तिच्यात काय असतं?"

"सर्दीचं औषध."

त्यानं पाकीट मागितलं. मागची बारीक अक्षरं चष्मा कपाळावर चढवून वाचली: पॅरासिटामॉल. मग मला मिठी मारली. "यंत्र बरोबर हाय, साडूभाऊ. माणूस चुकीचा हाय."

आता त्याच्या नावाआधी डॉक्टर लागलंय. येतो, पेन्शनच्या गप्पा मारतो, जातो. मी समोर शिंकत असलो तरी काय घेतलंत म्हणून विचारत नाही. बायको विचारते, पण उत्तर ऐकायला थांबत नाही. माझ्या आत नेमकं काय आहे हे कळावं म्हणून तासन्‌तास बसून राहणारा माणूस मला आयुष्यात एकच भेटला, आणि त्याचं काम संपलं.