एक रुपयाची कपात

माझे सासरे रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले आणि पुढच्याच निवडणुकीत जबलपूर नगर निगमात, म्हणजे महापालिकेत, पार्षद (नगरसेवक) म्हणून निवडून आले. गल्ली त्यांना गार्डसाहेब म्हणायची, मी मामंजी म्हणायची. भाषण करणं त्यांना जमत नसे. हिंदी बोलताना ते आधी मराठीत विचार करत आणि मग मालगाडीला डबे जोडावेत तसे एकेक शब्द जोडत. माझं शिक्षण हिंदी शाळेत झालं होतं, त्यामुळे निगमात मांडायचे त्यांचे प्रस्ताव मीच लिहीत असे. ते मराठीत सांगायचे, मी हिंदीत उतरवायची आणि मधले रागाचे शब्द गाळून टाकायची. गाळलेले त्यांना कळायचे, पण ते काही बोलत नसत.

आमचं घर मदन महालच्या खडकांत, किल्ल्याच्या उतारावर होतं. नवरा तोफगाड्यांच्या कारखान्यात होता. कारखान्याच्या वसाहतीत घरोघरी नळ होते, पण आम्हाला क्वार्टर मिळालं नव्हतं. आमच्यासारख्यांसाठी नळ होता तो उताराच्या पायथ्याशी, सडकेवर. नर्मदा दर्शनाला, पाणी सडकेवरून, असा आमचा हिशेब. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, त्यामुळे घागर माझी एकटीची होती.

या गोष्टीच्या आदल्या वर्षी, पाचवा महिना चालू असताना, माझं मूल पोटातच गेलं. मी घागर घेऊन चढावर होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं कधी कधी. नवराही तेच म्हणाला, मामंजी काहीच म्हणाले नाहीत. पाण्याला कोणी दोष दिला नाही. मला मात्र राग होता. त्या चढाचा होता, पितळी घागरीचा होता आणि घरातल्या दोन्ही पुरुषांचा होता. आठ दिवसांनी मी पुन्हा नळावर गेले, कारण पाणी काही चालत येणार नव्हतं.

पुढे चीनची लढाई झाली. लढाई थांबली तरी कारखाना थांबेना. नवरा दुप्पट पाळी करून यायचा आणि ताटावरच डुलक्या घ्यायचा. पाण्याचं काढलं की म्हणायचा, "मी काय करू? तिकडे रात्रंदिवस काम चालून राहिलं." त्यात खोटं काही नव्हतं. त्या पौषात मला पुन्हा दिवस गेले. समोर उन्हाळा होता, आणि तो घागर घेऊनच काढायचा होता.

आता निगमचं बजेट. आमच्या गल्लीपर्यंत पाइप आणण्याचं वचन महापौरांनी दसऱ्याच्या मंचावरून दिलं होतं. आम्ही टाळ्या वाजवल्या, हारही घातला. महापौर पेशाने वकील, गोड बोलणारे आणि मामंजींचे जुने स्नेही. पार्षदच आपल्यातून त्यांना निवडत, आणि मामंजींनीही त्यांनाच मत दिलं होतं. पण बजेटाचा मसुदा आला तेव्हा त्यात आमच्या पाइपचं नाव नव्हतं. मी चिडून विचारलं, "महापौरांनी सांगितलं होतं ना?"

मामंजी म्हणाले, "महापौर म्हणजे लग्नातला यजमान. आमंत्रण त्याच्या नावाचं, कोठीची किल्ली दुसऱ्याकडे."

मग त्यांनी मला सगळं नीट समजावलं. खर्चाचा अंदाज आयुक्त तयार करतात, ते सरकारी अधिकारी. त्यात काटछाट करते स्थायी समिती, म्हणजे दहाबारा पार्षद. मंजूर करते सगळी सभा. महापौर सभेच्या खुर्चीत बसतात, घंटी वाजवतात, पण एकट्याच्या सहीने एक हातभर पाइप घालू शकत नाहीत. आमचा पाइप आयुक्तांनी अंदाजात घातला होता, समितीने कापला होता. समितीत आमच्या उतारावर राहणारं कोणी नव्हतं.

"मग तुम्ही काय करणार?" मी विचारलं.

"एक रुपयाची कपात. लिहून घे."

ही तिथली रीत होती. पार्षदाला गाऱ्हाणं मांडायचं असेल तर त्याने एखाद्या खर्चात एक रुपया कापण्याचा प्रस्ताव द्यायचा. त्या निमित्ताने बोलायला मिळे. बोलून झालं की महापौर म्हणत, विचार करू. पार्षद प्रस्ताव मागे घेई, सभा हात वर करून त्याला परवानगी देई, आणि सगळे समोशांकडे वळत. मामंजींनीही दर वर्षी पाण्याच्या खात्यात असा रुपया कापायला दिला होता आणि दर वर्षी मागे घेतला होता. या वेळी त्यांनी खातं बदललं. महापौरांच्या स्वागत-सत्काराच्या खर्चातून एक रुपया कापावा, असं त्यांनी सांगितलं. मी लिहिलं. त्यात गाळण्यासारखं काही नव्हतं.

सभेच्या दिवशी मी सायकलरिक्शाने गेले आणि गॅलरीत बसले. संध्याकाळी ब्लॅकआउटची रंगीत तालीम होती. भोंगा वाजण्याआधी घरी पोचायची घाई सगळ्यांनाच, आणि शंभर प्रस्ताव बाकी. मामंजी डबे जोडत जोडत बोलले. महापौर घड्याळाकडे बघत "विचार करेंगे" म्हणाले आणि त्याच दमात, "माननीय सदस्य प्रस्ताव वापस लेते हैं, जो पक्ष में हों..." सगळ्यांचे हात वर गेले, जसे आधीच्या प्रत्येक प्रस्तावाला गेले होते.

मामंजी अजून उभेच होते. "मी वापस घेत नाही," ते शांतपणे मराठीतच म्हणाले.

महापौरांनी ते ऐकलं नाही, किंवा ऐकून नेहमीचंच समजले. हात वर होतेच. सचिवांनी मात्र ऐकलं होतं. ते नियमाचे माणूस. मागे घेतलेला नाही आणि हात वर आहेत, म्हणजे प्रस्ताव मंजूर, असं त्यांनी वाचून दाखवलं. कोणी हरकत घेणार तोच बाहेर भोंगा झाला. सभा दुसऱ्या बैठकीपर्यंत तहकूब झाली आणि पार्षद सायकली काढायला पळाले.

रुपयाचं कोणाला काय पडलं होतं? पण महापौरांच्या स्वतःच्या खात्यात सभेने कपात करायची, म्हणजे सभेचा त्यांच्यावर भरवसा नाही, असाच त्याचा अर्थ घेतात. सकाळपर्यंत गावात तेच झालं. नऊच्या सुमारास महापौर स्वतः आमचा खडक चढून आले, घामाने निथळत. बसल्याबरोबर त्यांनी पाणी मागितलं. मी दिलं. आणखी मागितलं, तेही दिलं. मला हसू येत होतं आणि घागरीत किती उरलं याकडे लक्षही होतं.

"भैया, ये क्या कर दिया आपने? लोग कहेंगे मैं गया काम से."

मामंजी म्हणाले, "आमचा पाइप घाला. पुढच्या बैठकीत रुपया परत देण्याचा प्रस्ताव मीच आणतो."

"पाइप मेरे हाथ में कहाँ है?"

"दसऱ्याला तर तुमच्या हातात होता."

 महापौरांनी माझ्याकडे पाहिलं, दाराशी ठेवलेल्या घागरीकडे पाहिलं आणि उठले. त्याच आठवड्यात ते स्थायी समितीपुढे गेले. ज्यांनी त्यांना निवडलं होतं त्यांच्यासमोर, अर्जदार बसतात त्या खुर्चीत. समिती खूश झाली. पाइप देऊ म्हणाली, पण पैसा कुठून? आयुक्त म्हणाले, लढाईपासून स्वागतं बंदच आहेत, तो पैसा पडून राहणार. झालं. पुढच्या बैठकीत मामंजींनी शब्द पाळला आणि महापौरांना त्यांचा रुपया परत मिळाला. त्या खात्यातली बाकी रक्कम पाइपला गेली. सत्काराच्या खात्यात चहापुरतं राहिलं, असं लोक म्हणत.

तोवर मी अर्धीअर्धी घागर आणत होते. वैशाखात पाइप आला, निगमच्या मानाने फारच लवकर. महापौर रोज विचारत होते, आता त्यांचा स्वतःचा पैसा त्यात होता ना. नळाची जागा दाखवायला मिस्त्री आला तेव्हा मी दारात उभी होते. मामंजींनी त्याला आमच्या दारावरून पुढे नेलं आणि गल्लीच्या खालच्या टोकाला काठी रोवली. दारासमोर बसवला तर लोक म्हणतील, गार्डसाहेबांनी स्वतःसाठी आणला. मी आत गेले आणि भांडी आपटली. पाचवा महिना लागला होता. टोक काही फार लांब नव्हतं, पण चढ तोच होता.

उद्घाटनाला महापौर आले. हार, भाषण, टाळ्या झाल्या आणि नळ सुटला. मी घागर घ्यायला आत गेले तर घागर जागेवर नव्हती. बाहेर येऊन पाहिलं तर बायकांच्या रांगेत मामंजी उभे होते. अंगात कोट, डोक्यावर काळी टोपी, हातात आमची घागर. त्या गल्लीत कोणा पुरुषाने पाणी भरलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. रांगेतल्या बायका पदरात तोंड घालून हसत होत्या. आमच्या शेजारीण काकू म्हणाल्या, "गार्डसाहेब, सून असून तुम्ही काहून?"

मामंजींनी घागर नळाखाली लावली. ती काठोकाठ भरू दिली. मग ती खांद्यावर घेतली आणि चढाला लागण्याआधी म्हणाले, "मागच्या वेळी मला उशीर झाला, बाई."

मी दारातून ते ऐकलं. त्या मुलाविषयी ते बोललेले एवढंच. मुलगी झाली आणि चालायला लागली, तोवर आमच्या घरातलं पाणी त्यांनीच भरलं.