मोसंबीच्या सालींचा साबण

वास सुटला की पदार्थ झाला, हे आम्हा बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. म्हणूनच नेमकं चुकलं कुठं, ह्याचा गुंता माझ्या डोक्यात अजून सुटलेला नाही.

येरमाळ्याच्या हायवेवर ज्यूसवाले मोसंबीच्या साली गटारात लोटायचे. आमच्या बचत गटाने त्या पोत्यांनी उचलून आणल्या. शेतकी कॉलेजातल्या मॅडमनी वाफेवर तेल काढायचं भांडं दिलं. पोतंभर सालींचं वाटीभरही तेल निघालं नाही, पण मॅडमनी त्यातला थेंब जंतू वाढवलेल्या काचेच्या बशीत टाकला, आणि दुसऱ्या दिवशी थेंबाभोवती स्वच्छ गोल दिसला. तेवढ्यातले जंतू मेले होते. मी दहावी नापास बाई. त्या गोलाकडे कितीतरी वेळ बघत बसले.

मग साबण केला. तेल शेवटी घाला, असं मॅडम म्हणाल्या होत्या. आम्ही शेवटीच घातलं, पण चुलीवर मिश्रण रटरटत असतानाच, आमटीत गरम मसाला घालतो तसं. गल्लीभर वास सुटला. लोक दारात येऊन विचारायला लागले. गटातली एक म्हणाली, "जमलं बगा!" मलाही वाटलं, जमलं.

माझ्या सासूबाईंना शुगर आहे. त्यांच्या टाचेला जखम झाली होती आणि कळंबचे डॉक्टर दिवसाआड पट्टीला बोलवायचे. साबण झाल्यावर त्यांनी जखम त्यानेच धुवायला घेतली आणि डॉक्टरांकडे जाणंच सोडलं. "घरात सुनेनं दवा केलाय, अन् म्या येष्टीत धक्के खायला कशाला जाऊ?" असं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला सांगायच्या. पंधरा वर्षांत ह्या बाईने माझ्या भाजीलासुद्धा बरं म्हटलं नव्हतं. पट्टीला जा, असं मी म्हटलं नाही. खरं सांगते, मला ते फार गोड लागलं.

जखम कधी सुकल्यासारखी दिसायची, कधी कडा लाल. बरी होतेय की चिघळतेय, काही कळेना. विचारलं की त्या म्हणायच्या, "लई आराम हाय."

शेवटी राहवेना, म्हणून एक वडी मॅडमकडे तपासायला दिली. दोन दिवसांनी गेले. बशीत तेलाभोवती गोल होता. साबणाभोवती काहीच नव्हतं, जंतू पार चिकटून वाढलेले. मी हुज्जत घातली, "तेल तेच आहे मॅडम, आमच्याच हातचं!" साबण कसा केला ते त्यांनी विचारलं. गल्लीभर सुटलेल्या वासाचं मी जरा तोऱ्यातच सांगितलं.

"ताई, तो वास म्हणजेच तेल," त्या म्हणाल्या. "आचेवर उडून गेलं ते."

येताना बसमध्ये मी नुसती धुमसत होते. मॅडमवर, गटावर की स्वतःवर, ते ठरवता येईना.

घरी सासूबाई मोरीत पाटावर बसून त्याच साबणाने पाय धूत होत्या.

"आत्या, थांबा. ह्यात काय बी न्हाय. माझं चुकलं. उठा, कळंबला जायचं."

त्या हलल्या नाहीत. "मला म्हाईत हाय. आठ दिस झालं, ठणका थांबंना."

"मग बोलला का न्हाय?" मी ओरडलेच.

"कसं बोलू? ह्या घरात आल्यापास्नं तुला येवढं हसताना पयल्यांदाच बगितलं."

मी खाली बसून त्यांचा पाय हातात घेतला, फेस धुऊन काढला. टाचेपासून वर काळं चढलं होतं.