वरची बांधी भरल्याशिवाय

बातमी आली तेव्हा माझा प्रोग्राम चालत होता. वाक्य साधं दिसतं, पण मला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा, ही घटना किती दुर्मीळ ते सांगेल. राईस मिलच्या ऑफिसात, सेठजींची पाठ वळलेली बघून, मी तो पुन्हा पुन्हा चालवत होतो. आमगाव, तिरोडा, देवरी, सालेकसा, गोरेगाव अशी गावं कशीही टाकायची आणि त्यानं ती इंग्रजी अक्षरक्रमानं लावून द्यायची, एवढंच त्याचं काम. आणि तो लावत होता! संध्याकाळी कुडव्याला जाऊन हेमराजला दाखवायचं ठरलं होतं. तेवढ्यात फोन आला. सकाळी स्कूटर काढता काढता हेमराज अंगणातच कोसळला, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं... मी फोन ठेवला. पडद्यावर तिरोडा शेवटच्या ओळीत शहाण्यासारखा उभा होता. रडू नंतर आलं. आधी आला तो राग. इतकी वर्षं या माणसानं मला एका जागी अडवून धरलं आणि माझ्याकडं दाखवण्यासारखं काही होतं नेमक्या त्याच दिवशी निघून गेला.

हेमराज नवेगाव बांधच्या बाजूचा, तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजाच्या घरातला. नव्याण्णवच्या सुमारास तो नागपुरात शिकून परत आला आणि गोंदियात एका भाड्याच्या खोलीत, जुन्या कॉम्प्युटरांवर, सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवू लागला; पुढं जवळच कुडव्याला घर बांधल्यावर क्लासही तिथंच नेला. मी सेठजींपुढं फुशारकी मारून बसलो होतो की मिलच्या बिलांचा प्रोग्राम मीच लिहून देतो. सेठजी म्हणाले, "देख लेना भाई, पिछला कैलकुलेटर भी तूने ही सुधारा था." तो कॅल्क्युलेटर त्यानंतर कधी चालला नाही, हे सांगायला नकोच. क्लासची वाट धरण्याआधी मी पुस्तकाची वाट धरली. गोंदियातल्या दुकानदारानं माझ्याकडं दयेनं बघितलं आणि पोलीस भरतीचं गाईड पुढं केलं, "ये ले जाओ, सबको लगता है." मग नागपूरची गाडी, सीताबर्डीचा फुटपाथ, आणि तिथून विटेएवढं एक पुस्तक. तीन आठवड्यांत पारंगत करतो असं त्याच्या पाठीवरच लिहिलेलं होतं. सोबत सीडी फुकट. ऑफिसच्या कॉम्प्युटरला सीडी घालायला जागाच नव्हती, ती पुढं आमच्या पपईच्या झाडावर पाखरं हाकलायला कामी आली.

पुस्तकातला पहिला प्रोग्राम जसाच्या तसा उतरवला, तर पडदाभर चुकाच चुका. हेमराजकडं गेलो तो ही तक्रार घेऊन. त्यानं पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"काबे, दर ओळीपुढं हे आकडे कायले लिहिले?"

"पुस्तकात आहेत ना!"

"ते समजवून सांगताना ओळ सापडावी म्हणून छापले. पुस्तकाच्या मागं किंमत बी छापली हाये, ते नाई लिहिली?"

अशी आमची ओळख झाली. तो माझ्याहून वयानं लहान, तरी पहिल्या दिवसापासून मला अरे-तुरे करायचा, आणि त्या आकड्यांनंतर हरकत घ्यायला मला तोंडही उरलं नव्हतं.

तेव्हापासून आजवर मला, आणि अर्थात त्यालाही, लोक एकच प्रश्न विचारत आले: शिकायला कोणतं पुस्तक घेऊ? हेमराजच्या मते पुस्तकं तीनच लागतात. "पहिलं भाषा शिकवते, दुसरं सवय लावते, अन् तिसरं घमेंड उतरवते." पहिलं पातळ असावं, त्यात उदाहरणं कमी आणि करून बघायला जास्त. दुसऱ्यात माहिती कशी रचून ठेवायची ते असावं. तिसऱ्यात दुसऱ्यांच्या चुका. नावं विचारली तर तो पहिल्याच पुस्तकाचं सांगायचा, पुढची दोन गुपचूप कपाटात. आणि पहिलंही सबंध कधी द्यायचा नाही. नागपुराहून आणलेली एकच प्रत त्यानं ब्लेडनं कण्यावरून फाडली होती, एकेक प्रकरण वेगळं काढून दाभणानं शिवलं होतं आणि त्याला जुन्या कॅलेंडरचं कव्हर घातलं होतं. एका वेळी एकच भाग मिळायचा. त्याच्या शेवटचा प्रोग्राम चालवून दाखवला की पुढचा. मी विचारलं, झेरॉक्स का काढत नाहीस? तर म्हणाला, "झेरॉक्स काढली का माणूस वाचत नाई, ठेवून देते." ही पद्धत त्याच्या गावची. आमच्याकडं धानाच्या शेतात बांध घालून तुकडे पाडतात, त्यांना बांध्या म्हणतात. तलावाचं पाणी आधी वरच्या बांधीत, ती भरली की खालच्या. तुम्ही कितीही तहानलेले असा, मध्येच चर खोदून पाणी नेलंत तर गाव तुमच्या दारात येतं. "वरची बांधी भरल्याशिवाय खालची फोडायची नाई," हे त्याचं ठरलेलं उत्तर.

तर माझी बांधी पॉइंटरच्या प्रकरणात, गावं क्रमानं लावायच्या प्रोग्रामपाशी अडली. पॉइंटर म्हणजे वस्तू जिथं ठेवली आहे तिथला पत्ता, एवढं मला तोंडपाठ. "घर डोक्यावर घेऊन फिरता येते का? पत्ता घेऊन फिर," असं हेमराजनं कितीदा सांगितलं. पण प्रत्यक्ष लिहायला बसलो की मी पत्त्याच्या जागी घर आणि घराच्या जागी पत्ता ठेवायचो, कॉम्प्युटर गप्प बसायचा, आणि तेवढ्यात वीज जायची. वीज गेल्याचं मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. त्या भागाला खताच्या कॅलेंडरचं कव्हर होतं, त्यावर ओंबी धरून हसणारा एक शेतकरी. दुसऱ्या कुणाची पाळी आली की मी तो देऊन यायचो आणि त्याचं झालं की पुन्हा घेऊन यायचो. माझी तरुणपणची हौस गेली, केस गेले, मिलमध्ये तयार सॉफ्टवेअर विकत आलं, सेठजींनी त्याबद्दल पेढेही वाटले, पण तो शेतकरी माझ्याकडं बघून हसतच राहिला. शेजारची पोरं मोबाईलवर व्हिडिओ बघून दोन महिन्यांत पुण्याला गेली. मग मीही शक्कल लढवली. अख्खं पुस्तकच इंटरनेटवरून उतरवून पेन ड्राईव्हमध्ये घेतलं. खिशात ज्ञान आहे म्हणून महिनाभर ताठ चाललो, मग ते पँटबरोबर धुतलं गेलं. हेमराजला सांगितलं तर म्हणाला, "बरं झालं. स्वच्छ तरी झालं."

एखादा प्रोग्राम चालला असं वाटून नेलाच, तर त्याची परीक्षा ठरलेली. तो खुर्ची ओढायचा, चष्मा वर सरकवायचा, कोणत्या तरी एका अक्षरावर बोट ठेवायचा आणि ते तसंच दाबून धरून मला घरची खुशाली विचारायचा. "आईचे गुडघे कसे हायेत? पोरगी शाळेत जाऊन राहिली ना?" तिकडं गावाच्या नावाच्या जागी एकच अक्षर ओळीवर ओळी भरत चाललेलं. खुशाली संपली की एंटर. नावासाठी ठेवलेल्या जागेत ते मावायचं नाही, आणि माझा प्रोग्राम चितपट. "चालला म्हणजे काय?" तो विचारायचा. "शहाण्या माणसाजवळ सगळंच चालते. येड्याजवळ टिकला पायजे." मी चिडायचो, पायऱ्या आपटत उतरायचो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जायचो. या खेपेला मात्र मी त्याच्यावर मात केली होती. त्याच्या चौकशा जास्तीत जास्त किती लांबतात याचा अंदाज घेऊन नावासाठी त्याहून दुप्पट जागा ठेवली होती. विचार म्हटलं, किती गुडघे विचारतोस ते...

तेरवीला कुडव्याच्या घरी गेलो तर ओसरीवर वेगळीच गर्दी. कोण देवरीहून आलेला, कोण रायपूरहून, आणि प्रत्येकाच्या हातात कॅलेंडरचं कव्हर. कधीतरी नेलेले भाग लोक परत करायला आले होते. वहिनी एकेक घेऊन कपाटात लावत होत्या. माझ्या हातात काही नव्हतं. मी म्हणालो, "वहिनी, माझा भाग अजून व्हायचा आहे. म्हणजे झाला आहे, पण..." त्या पुढच्या माणसाचा भाग घ्यायला वळल्या.

मग महिन्याभरानं मी गेलो. क्लासची खोली तशीच होती. कपाट उघडं, भाग क्रमानं लावलेले, मध्ये एकाची जागा मोकळी आणि तिच्या शेजारी पुढचा भाग, मोरपिसाच्या चित्राचा. हात लांब केला असता तर मिळाला असता. अडवायला कोण होतं? मी हसरा शेतकरी टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "वहिनी, चालला प्रोग्राम. पुढचा भाग नेऊ?"

"मले त्यातलं काई समजत नाई, भाऊजी," त्या म्हणाल्या. "पण ते असं देत नव्हते. दाखवा."

मी कॉम्प्युटर सुरू केला, गावं टाकली. आमगाव वर, तिरोडा खाली. वहिनींनी पदर खोचला, खुर्ची ओढली. "ते बोट ठेवत," म्हणाल्या, आणि त्यांनी एका अक्षरावर बोट ठेवलं. मी मनात म्हटलं, ठेवा. दुप्पट जागा आहे. अक्षर धावू लागलं. वहिनींची नजर पडद्यावर नव्हतीच. खिडकीत हेमराजचा चष्मा घडी करून ठेवलेला होता, त्या तिकडं बघत होत्या. ओळ भरली, दुसरी भरली, हेमराजच्या सगळ्या खुशाल्या संपतील एवढा वेळ गेला, त्यांना बोट उचलायची आठवणच राहिली नाही. बऱ्याच वेळानं त्या भानावर आल्या आणि एंटर दाबला. पडदा थिजला.

"टिकला?"

"नाही टिकला."

"मंग राहू द्या," त्या म्हणाल्या, आणि शेतकरी उचलून त्यांनी पुन्हा माझ्या हातात दिला. "चहा ठेवते. आईचे गुडघे कसे हायेत?"